आजी नर्स होती : तिच्या वस्तू, वह्या आणि कामाची नोंद नीट कशी ठेवायची?

वहीचं_पान

आजी ९४ व्या वर्षी गेली. जवळपास ४० वर्षं नर्स. बराच काळ जनरल वॉर्ड, शेवटची काही वर्षं प्रसूती विभाग. ट्रंकेत पुढचं सामान आहे: चिकट पानांचा एक अल्बम, काळ्या पानांचा एक, गुंडाळी करून ठेवलेलं प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, मीनाकामाचा बिल्ला, छातीला अडकवायचं उलट्या तबकडीचं घड्याळ, खळ केलेले दोन युनिफॉर्म आणि टोपी, पाच वह्या (काही पानं निळ्या शाईत, काही लाल), तीन ऑडिओ कॅसेट आणि एक कातडी बॅग. बॅगेत काचेच्या सिरिंज, सुयांची डबी, दोन थर्मामीटर, न फोडलेल्या अँप्यूल (औषधाच्या सीलबंद काचेच्या कुप्या) आणि दोन-तीन बाटल्या.

घरच्यांसाठी ६०-७० पानांची पुस्तिका करायची आहे. आतापर्यंत जे लिहून झालंय त्यात ‘प्रेमळ’, ‘सेवाभावी’ आणि ‘कष्टाळू’ हेच शब्द फिरून फिरून येतात. ते कुणाच्याही आजीबद्दल लिहिता येतील.

विचारायचं आहे ते असं. सामानाला हात कुठून लावायचा? वह्यांतली लघुरूपं कशी वाचायची आणि तारीख नसलेली पानं, फोटो कोणत्या काळातले हे कसं ओळखायचं? आणि नर्सच्या कामाबद्दल लिहायचं म्हणजे नेमकं काय लिहायचं?

---

रात्रपाळी

आधी बॅग. फोटो आणखी महिनाभर थांबले तरी चालेल, बॅगेचं तसं नाही.

थर्मामीटर पाऱ्याचे असणार. एकात साधारण अर्धा ते एक ग्रॅम पारा असतो. टोकाला कापूस लावून कडक नळीत ठेवा, मोकळे ठेवू नका. फुटलाच तर खिडकी उघडा, मुलांना बाहेर काढा, हातातली सोन्याची अंगठी काढून ठेवा (सोनं पारा ओढून घेतं आणि पांढरं पडतं). झाडू फिरवू नका, थेंब आणखी बारीक होऊन पसरतात. व्हॅक्यूम क्लीनर तर अजिबात नको, त्याच्या गरम हवेतून वाफ खोलीभर जाते. जाड कागदाच्या कडेने थेंब एकत्र ढकला, ड्रॉपरने उचला, उरलेली कणी चिकटपट्टीने टिपा आणि सगळं घट्ट झाकणाच्या बरणीत भरा. मोरीत ओतायचं नाही. घरात जुनं पाऱ्याचं बीपी यंत्र असेल तर त्याकडे जास्त लक्ष द्या. त्यात ऐंशी-शंभर ग्रॅमपर्यंत पारा असतो.

सुयांची डबी उघडून मोजत बसू नका. पूर्वी सुया पुन्हा पुन्हा वापरत, दगडावर घासून धार लावत, आत बारीक तार घालून भोक मोकळं ठेवत. ती तार अजून आत असू शकते. आठवण म्हणून एक-दोन ठेवायच्या असतील तर पारदर्शक, बंद डबीत, टोक बुचात खुपसून. बाकीच्या जाड प्लॅस्टिकच्या डब्यात घालून वैद्यकीय कचऱ्यात द्या. अँप्यूल फोडू नका, वास घेऊ नका. लेबल वाचता येत असेल तर फोटो काढा आणि औषधांची विल्हेवाट लावणाऱ्यांकडे सोपवा. जुन्या बॅगेत मॉर्फिन निघणं अजिबात नवलाचं नाही.

घड्याळ. अंधारात चमकायची तबकडी असेल, आकडे तपकिरी पडले असतील किंवा काट्याखाली जळल्यासारखा डाग असेल, तर तो रंग रेडियमचा, म्हणजे किरणोत्सारी असण्याची शक्यता मोठी. १९६० च्या दशकापर्यंत तो सर्रास वापरला जाई. आता चमकत नाही म्हणजे संपला असं समजू नका: चमकणारं झिंक सल्फाइड थकतं, रेडियमचा अर्धायुकाल मात्र सुमारे १,६०० वर्षं आहे. काच शाबूत असेल तर घड्याळ ठेवायला हरकत नाही, पण मागचं झाकण उघडायचं नाही, काच काढायची नाही, किल्ली देऊन चालू करायच्या नादात दुरुस्तीला द्यायचं नाही. धोका आहे तो सुटलेल्या रंगाच्या धुळीचा. उशाशी ठेवू नका. तबकडीच्या तळाशी ‘स्विस मेड’च्या दोन्ही बाजूंना इंग्रजी ‘टी’ अक्षर असेल तर रंग ट्रिटियमचा, म्हणजे नंतरचा आणि पुष्कळ सौम्य.

सिरिंज मात्र खुशाल ठेवा. फक्त नळी आणि दट्ट्या वेगळे करा, तसेच घालून ठेवले तर घट्ट बसतात आणि ओढताना फुटतात. दोन्हींवर एकच क्रमांक कोरलेला आहे का बघा. जुन्या सिरिंजमध्ये प्रत्येक दट्ट्या त्याच्याच नळीत घासून बसवलेला असे. जोड्यांची अदलाबदल झाली की एक अडकतो, दुसरा गळतो. वॉर्डात उकळून झाल्यावर जोड्या लावत बसणं हे शिकाऊ नर्सचं ठरलेलं काम होतं, आणि पुस्तिकेत घालण्यासारखं आहे.

---

कागदकाम

बॅगेबद्दल वर आलंच आहे, मी कागद आणि फोटोंपुरतं सांगतो.

चिकट पानांच्या अल्बमचा डिंक वर्षागणिक पिवळा आणि कडक होत जातो, त्यामुळे तो सगळ्यात आधी घ्या. पण फोटो सोडवण्याच्या आधी पान जसं आहे तसं स्कॅन करा किंवा वरून सरळ फोटो काढा. शेजारी काय होतं, खाली काय लिहिलं होतं, हा क्रमसुद्धा पुरावा आहे. एकदा फोटो सुटे झाले की तो गेला. मग प्लॅस्टिकचा पडदा सोलून मेण न लावलेला डेंटल फ्लॉस फोटोच्या मागे घाला आणि करवतीसारखा हलवत पुढे न्या. फोटो वाकवायचा नाही, पान वाकवायचं. जो निघत नाही तो ओढू नका. पान कापून फोटो पानासकट ठेवला तरी काही बिघडत नाही. हेअर ड्रायरने डिंक मऊ करायचा सल्ला बरेच जण देतात. रंगीत फोटोंवर तो नको, वरचा थर सुटू शकतो.

काळ्या पानांचा अल्बम मोडू नका. कोपऱ्यांनी अडकवलेले फोटो काढून मागची बाजू स्कॅन करा. नाव, साल, स्टुडिओचा शिक्का बहुतेक वेळा मागेच असतो.

स्कॅनिंग : पोस्टकार्डाएवढ्या फोटोला ६०० डीपीआय (दर इंचाला ठिपके), पासपोर्ट आकाराला १२००, मोठ्या फोटोला ३०० पुरेसं. मूळ प्रत टिफमध्ये, वाटायला जेपेग. कृष्णधवल फोटोही रंगीत मोडमध्येच स्कॅन करा, म्हणजे पिवळेपणा आणि शाईचा रंग टिकतो. स्कॅनरची ‘ऑटो करेक्शन’ बंद. फाइलच्या नावात आधी साल: १९५४_गटफोटो_०१_पुढची, १९५४_गटफोटो_०१_मागची. साल माहीत नसेल तर अंदाज लिहून पुढे ‘सुमारे’. सगळं झाल्यावर तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या घरी. मेसेजिंग ॲपवरून पाठवलेला फोटो ही प्रत धरू नका. तिथे तो दाबून लहान केला जातो आणि आतली माहितीही गळते.

प्रमाणपत्र लॅमिनेट करू नका. हे मोठ्याने सांगतो कारण प्रेमापोटी पहिलं हेच केलं जातं. उष्णतेने कागद आणि शाई दोन्ही बिघडतात आणि ते परत निघत नाही. गुंडाळी सरळ करण्यासाठी इस्त्री किंवा ओला बोळाही नको, शिक्क्याची शाई पाण्यात विरघळते. दोन कोऱ्या आम्लरहित कागदांमध्ये थोडंसं उघडून सपाट वजन ठेवा, रोज थोडं पुढे. चार-पाच दिवसांत ऐकतं. मग पॉलिएस्टरच्या पाकिटात. बाजारातलं वास येणारं मऊ प्लॅस्टिक पीव्हीसीचं असतं, त्याला शाई चिकटते. स्टेपल आणि टाचण्या आधी काढा, गंज कागद खातो. फाटलेल्या ठिकाणी साधी चिकटपट्टी लावू नका. काही वर्षांत पट्टी गळून पडते आणि तपकिरी डाग मागे राहतो.

---

वहीचं_पान

बॅगेतल्या एका बाटलीत तळाशी पिवळे कोरडे खडे आहेत, झाकणाच्या आट्यांवरही पिवळं साचलंय. ती स्वच्छ करून ठेवली तर चालेल का?

आणि वह्यांत ‘टी.पी.आर.’, ‘बी.डी.’, ‘एच.एस.’ असं जागोजागी आहे. एका पानावर ‘पाव ग्रे.’ असंही आहे.

---

रात्रपाळी

बाटलीला हात लावू नका. झाकण फिरवू नका, हलवू नका, दुसऱ्या खोलीत नेऊ नका. भाजलेल्या जखमांवर पूर्वी पिक्रिक ॲसिडचा द्राव लावत. ओलं असेपर्यंत ते बरंच निरुपद्रवी असतं, वाळून खडे झाले की स्फोटक. आट्यांत अडकलेला खडा झाकण फिरवताना घासला जाणं हीच सगळ्यात वाईट शक्यता. पिवळं म्हणजे पिक्रिकच असं नाही, आयोडोफॉर्मही पिवळंच असतं आणि त्याचा वास जुन्या इस्पितळासारखा येतो. पण ते ठरवायला बाटली उघडावी लागेल, म्हणून ठरवू नका. खोली बंद करा आणि अग्निशमन दलाला फोन करून ‘वाळलेलं पिक्रिक ॲसिड असू शकतं’ एवढंच सांगा, त्यांना कळतं. दुसऱ्या बाटल्यांत ईथर असेल तर तेही उघडायचं नाही. जुन्या ईथरमध्ये पेरॉक्साइड तयार होतात.

आता वह्या. टी.पी.आर. म्हणजे ताप, नाडी, श्वास. बी.डी. दिवसातून दोनदा, टी.डी.एस. तीनदा, क्यू.आय.डी. चारदा, एच.एस. झोपताना, एस.ओ.एस. गरज पडली तर, एन.बी.एम. म्हणजे तोंडाने काही द्यायचं नाही. ‘ग्रे.’ म्हणजे ग्रेन, ग्रॅम नव्हे. एक ग्रेन सुमारे ६५ मिलिग्रॅम, तेव्हा पाव ग्रेन साधारण १६ मिलिग्रॅम. हे पुस्तिकेत ‘पाव ग्रॅम’ असं छापलंत तर वाचणारी कुठलीही नर्स दचकेल. ‘मिनिम’ हे द्रव औषधाचं जुनं माप दिसलं तर ते सुमारे ०.०६ मिलिलिटर.

लाल शाई : बऱ्याच ठिकाणी दिवसाच्या नोंदी निळ्या किंवा काळ्या शाईत आणि रात्रीच्या लाल शाईत करायची पद्धत होती. लाल पानांच्या तारखा एकापुढे एक मांडून बघा. सलग आल्या तर ती त्यांची नाइट ड्युटी. वर्षाचा ड्युटीचा नकाशाच त्यातून उभा राहतो.

तारीख नसलेल्या पानांचा काळ औषधांवरून आणि पद्धतींवरून बांधता येतो, मात्र तो अंदाज असतो. दर तीन तासांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन, रात्रीसुद्धा, असं दिसलं तर पान जुन्या काळातलं: सुरुवातीचं पेनिसिलिन मूत्रपिंडावाटे झपाट्याने बाहेर पडे, म्हणून झोपलेल्या रुग्णाला उठवून टोचावं लागे. नंतर प्रोकेन पेनिसिलिन आलं आणि दिवसाला एक-दोन इंजेक्शनांवर भागू लागलं. स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्ये सापडलं. क्षयाच्या वॉर्डातल्या नोंदीत त्याचं नाव असेल तर पान त्यानंतरचंच. बाळाच्या नोंदीपुढे ‘८, ९’ असे दोन आकडे म्हणजे अपगार गुण, नवजात बाळाची तब्येत सांगणारे, जन्मानंतर एक आणि पाच मिनिटांनी दिलेले. ही पद्धत डॉ. व्हर्जिनिया अपगार यांनी १९५२ मध्ये बसवली, १९५३ मध्ये छापून आली. रंग, नाडी, प्रतिक्षेप, स्नायूंचा ताण, श्वास, प्रत्येकाला ० ते २. देवीच्या लशीसोबत दोन टोकांच्या सुईचा आणि पंधरा टोचण्यांचा उल्लेख असेल तर १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून पुढचं. ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य सभेने देवी संपल्याचं जाहीर केलं. तापमान फॅरनहाइटवरून सेल्सियसवर कधी गेलंय ते पान शोधा, तो बदल एका ठिकाणी एकदाच होतो आणि वह्यांचा क्रम लावायला फार उपयोगी पडतो. रक्त दिसत नसतानाही प्रत्येक वेळी हातमोजे असं लिहिलं असेल तर ते १९८० च्या दशकाच्या मध्यानंतरचं, एड्सनंतरचं.

गटफोटोत टोपीवरच्या पट्ट्या आणि कमरेच्या पट्ट्याचा रंग बघा. बऱ्याच प्रशिक्षण संस्थांत त्यावरून वर्ष कळे. तो संकेत संस्थेप्रमाणे बदलतो, म्हणून एका संस्थेचा नियम दुसरीला लावू नका. बिल्ल्याच्या मागे क्रमांक कोरला असेल तर तो संस्थेच्या किंवा नोंदणीच्या पुस्तकातला असतो; जुनी कागदपत्रं मागताना नावापेक्षा तो क्रमांक उपयोगी, कारण लग्नानंतर नाव बदललेलं असतं.

---

सुती_धागा

युनिफॉर्म आधी धुवा. खळ म्हणजे पिष्ट, आणि कसरीला तेच हवं असतं. कोमट पाणी, सौम्य साबण, पाच-सहा वेळा खळबळून. नीळ नाही, ब्लीच नाही, शेवटी इस्त्री नाही. खळीचा कडकपणा घडीवर राहिला तर कापड तिथेच चिरतं. जेवणाचे नाहीत पण औषधांचे डाग असतील तर घासू नका, जेन्शियन व्हायोलेट आणि आयोडीनचे डाग हेही तिच्या कामाचेच आहेत. धातूची बटणं आणि बिल्ला काढून वेगळे ठेवा. पांढऱ्या सुती चादरीत गुंडाळा, घडीत आम्लरहित कागदाच्या वळकट्या घाला आणि चार-सहा महिन्यांनी घडीच्या रेषा बदला. प्लॅस्टिकची पिशवी नको, आत दमट हवा कोंडते. बॅगेतली रबरी नळी किंवा रबरी चादर युनिफॉर्मजवळ ठेवू नका. रबर चिकट होतं आणि त्यातलं गंधक चांदीचा बिल्ला काळा करतं. टोपी धुऊ नका, तिची घडी कशी घालायची ते बहुधा कुणालाच आठवत नसतं. आत कागद भरून तशीच ठेवा.

बिल्ला ‘डिप’ पॉलिशमध्ये बुडवू नका. मीना सुटतो. मऊ कापडाने पुसला की झालं.

---

फीत

कॅसेट आधी ऐकून मग रेकॉर्ड करू असं म्हणू नका. पहिल्यांदा वाजवतानाच रेकॉर्डिंग चालू हवं, कारण दुसऱ्यांदा वाजेलच याची खात्री नसते. त्याआधी वरचे दोन छोटे चौकोनी कान तोडा, म्हणजे चुकून पुसली जाणार नाही. फीत पुढे पूर्ण आणि मागे पूर्ण अशी एकदा गुंडाळा, चिकटलेले वेढे सुटतात. आतली स्पंजची गादी पडली असेल तर आवाज दबका येतो आणि येतो-जातो. बिनकामाच्या कॅसेटमधली गादी काढून बसवता येते. आवाज घोगरा पण गादी जागेवर असेल तर डेकच्या हेडजवळचा कोनाचा स्क्रू अगदी किंचित फिरवा आणि जिथे ‘स’, ‘श’ स्वच्छ ऐकू येतात तिथे थांबा. वेव्ह फाइल, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. गोंगाट काढायची कामं प्रतीवर करा, मूळ फाइलवर नाही. खोकला, भांड्याचा आवाज, मागे कुणी हाक मारली तर तेही काढू नका.

---

संपादकीय_लाल_पेन

तिसऱ्या प्रश्नाला अजून कुणी हात लावलेला नाही.

विशेषणं खोडून त्यांच्या जागी क्रियापदं ठेवा. ‘आजी रुग्णांची फार काळजी घेत असे’ यातून काहीच दिसत नाही. ‘नाडी मोजून झाली तरी ती बोटं मनगटावरून काढत नसे, तसाच हात धरून छातीकडे बघत श्वास मोजे, कारण श्वास मोजला जातोय हे कळलं की माणूस तो बदलतो’ हे वाचल्यावर काळजी वेगळी सांगावी लागत नाही. अर्थात हे तिने केलं हे कुणीतरी पाहिलेलं किंवा वहीत लिहिलेलं हवं. सगळ्या नर्सना तेच शिकवत म्हणून आजीनेही केलं असेल, अशी भर घालायची असेल तर वाक्य तसंच लिहा: ‘त्या काळी असं शिकवत’.

तिच्याबरोबर काम केलेल्या कुणाला भेटायला गेलात तर ‘आजीबद्दल सांगा’ असं विचारू नका, उत्तर विशेषणांतच येतं. हातात वस्तू द्या. सिरिंज दिली की उकळण्याचं सगळं येतं: थंड पाण्यात घालून मग तापवायचं, उकळत्यात टाकली तर तडकते, उकळी फुटल्यापासून वीस मिनिटं मोजायची. चादर दिली की कोपऱ्याची तिरकी घडी आपोआप होते, आणि उशीच्या अभ्र्याचं उघडं तोंड दाराकडे करायचं नाही हेही कळतं. हात चालू झाले की नावं आठवतात. बैठक ४५ मिनिटांची, फार तर तासाची. वय झालेल्या माणसाचा त्यानंतर थकवा बोलतो. फोन तोंडापासून फूटभर अंतरावर, टेबलावर रुमाल घालून, पंखा बंद. विचारायचं ते छोटं: ड्युटीला आल्यावर पहिली पाच मिनिटं काय? रात्री तीन वाजता वॉर्डात कोणते आवाज? मेट्रन (नर्सांची प्रमुख) फेरीला येणार कळल्यावर काय लपवायचं? शेवटच्या प्रश्नाला नेहमी चांगलं उत्तर मिळतं.

रचनेबद्दल: जन्मापासून सुरू केलीत तर पहिली दहा पानं कुणी वाचणार नाही. एका दिवसापासून सुरू करा. लाल शाईची एक रात्र घ्या, वहीतल्या वेळा तशाच ठेवा, आणि तिथून मागेपुढे जा. सालवार तक्ता शेवटी एका पानावर: साल, वय, कुठल्या पदावर, कुठल्या वॉर्डात. चार रकाने पुरेत. ४० वर्षांतली एखादी पाच वर्षं रिकामी निघतीलच. ती रिकामीच ठेवा, ओळी घालून बुजवू नका.

रुग्णांची नावं. वहीतला रुग्ण हयात नसला तरी त्याचं घर आहे. नुसतं आद्याक्षर ठेवून भागत नाही. आजार, वॉर्ड आणि साल एकत्र आलं की ओळखीचे ओळखतात. नाव काढा, साल सैल करा (‘त्या दशकात’), आजार दुर्मीळ असेल तर तोही. प्रसूती विभागातल्या नोंदींना दुप्पट काळजी. मूल दत्तक गेलेलं असेल, आई अविवाहित असेल, तर ते पान घरच्यांच्या प्रतीतसुद्धा नको. आणि पाचपैकी एखादी वही छापील रकान्यांची, पानांना क्रमांक असलेली निघाली तर ती आजीची नसून वॉर्डाचं रजिस्टर आहे. ते छापायचं नाही, परत करायचं.

---

कागदकाम

नावं काढण्याबद्दल एक राहिलं. पीडीएफमध्ये नावावर काळा चौकोन ओढला तर खालचं अक्षर तसंच असतं, निवडून कॉपी करता येतं. चित्राच्या फाइलमध्येच तो भाग काळा रंगवा, सपाट करून नव्याने सेव्ह करा, मग पीडीएफ बनवा. छापील पानावर मार्करने खोडून स्कॅन केलं तर उजेड वाढवल्यावर खालची शाई दिसते, तेही टाळा. खोडाखोड प्रतीवरच, मूळ वही अखंड राहू द्या.

---

वहीचं_पान

अग्निशमनवाले येऊन बाटली घेऊन गेले. चिकट अल्बमची पानं स्कॅन करायला घेतली आहेत. लाल पानांच्या तारखा मांडल्या: बारा-बारा रात्रींचे सलग तुकडे येतात, मध्ये दोन दिवस कोरे. फक्त एका तुकड्यात १९ रात्री आहेत आणि शेवटच्या सात नोंदींचं अक्षर वेगळं आहे. ते तिचंच, थकलेलं, की दुसऱ्या कुणाचं, हे कसं ठरवायचं?

---

रात्रपाळी

अक्षराच्या वळणावर जाऊ नका, थकल्यावर ते बदलतंच. आकडे बघा: चार आणि सात काढायची सवय सहसा बदलत नाही. आणि प्रत्येक नोंदीखालची सही. बदली नर्स दुसऱ्याच्या वहीत लिहील, पण सही स्वतःची करेल.